कुठल्याच रजिस्टरमध्ये नसलेला मुलगा : स्पर्धा परीक्षेच्या एका उमेदवारासाठी मोफत मानसिक मदत शोधताना

हे प्रकरण २४ वर्षांच्या एका मुलाचं आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातून बी.ए. करून तो पुण्याला आला, पेठेतल्या एका जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहायला लागला आणि चार वर्षं राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा नि कंबाइन (संयुक्त) अशा दोन्ही परीक्षांची तयारी करत राहिला. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत थोडक्यात गेलं. घरी तीन एकर, आई-वडील आणि लग्न झालेली मोठी बहीण. महिन्याचा खर्च निम्मा वडील पाठवायचे, निम्मा बहीण, तोही सासरी कुणाला न सांगता. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

माझं शिक्षण वैद्यकीय समाजकार्यातलं. नोकरी करून उरलेल्या वेळात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना दवाखाना, योजना, कागदपत्रं अशा कामांत मदत करते. माझ्याकडे तो स्वतः आला नाही, त्याचा रूम पार्टनर आला. एकाच तालुक्यातले, एकाच मेसचे. "ताई, तो मेसला येत नाही. डबा लावला तर तसाच परत जातो. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतो. अभ्यासिकेत जातो, पण पॉलिटीचं (राज्यव्यवस्थेचं) तेच पान आठवडाभर उघडं. घरचा फोन आला की सायलेंट करतो." हे सगळं तो एका दमात बोलला आणि मग जरा थांबून म्हणाला, "आणि परवा त्यानं नोट्स देऊन टाकल्या. ज्युनियरला. सगळ्या."

आधीच्या यादीतली लक्षणं परीक्षेच्या हंगामात या पेठांमध्ये निम्म्या खोल्यांत सापडतील. नोट्सचं तसं नाही. चार वर्षांच्या हाताने काढलेल्या, रंगीत पेनांनी खुणा केलेल्या नोट्स ही उमेदवाराची इस्टेट असते. उसन्या देतानासुद्धा झेरॉक्स काढून घ्यायला सांगतात. माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू अशा निरवानिरव केल्यासारख्या वाटून टाकायला लागला, तर ते औदार्य समजू नये, थेट विचारावं. म्हणून रूम पार्टनरला मी पहिला प्रश्न केला, "मरणाबद्दल काही बोललाय का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "एकदा म्हणाला, माझं झालंय आता."

माझ्यापर्यंत येण्याआधी या दोघांनी काय काय केलं होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण मोफत मदत शोधणारी बहुतेक मुलं याच रस्त्याने फिरतात.

सुरुवात जनरल प्रॅक्टिशनरपासून झाली. डोकं दुखतं, पोटात आग होते, झोप नाही. ॲसिडिटीची गोळी, व्हिटॅमिन आणि "जागरणं कमी करा" एवढ्यावर दोन वेळा बोळवण झाली. डॉक्टरांनाही फार दोष देता येत नाही, कारण मुलाने मनाचं काही सांगितलंच नव्हतं, शरीराचंच सांगितलं. आमच्याकडे मन बहुधा पोटातून आणि डोक्यातून तक्रार करतं. त्यानंतर एका क्लासच्या भिंतीवर 'मोफत समुपदेशन' असा फलक दिसला. आत गेल्यावर एका सरांनी तासभर यशस्वी उमेदवारांच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी नव्या बॅचचं माहितीपत्रक हातात ठेवलं. त्या दिवशी तो परत आला तो आणखी खचून, कारण सरांच्या गोष्टींतले सगळे त्याच्यापेक्षा गरीब होते आणि सगळे पास झाले होते.

मग मोबाइलवर शोध. हेल्पलाइनच्या नंबरांची एक लांबलचक यादी व्हॉट्सॲपवर फिरत असते, ती त्यांनाही मिळाली. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता, दुसरा वाजत राहिला, तिसऱ्यावर इंग्रजीत 'कार्यालयीन वेळेत फोन करा' असं ध्वनिमुद्रण. यादी खोटी नव्हती, जुनी होती. अशा याद्या पुढे ढकलणाऱ्याला पुण्य लाभतं आणि रात्री दीड वाजता फोन लावणाऱ्याला वाटतं की जगात कुणी उचलणारंच नाही. माझं ठाम मत आहे की स्वतः लावून पाहिल्याशिवाय असा एकही नंबर पुढे पाठवू नये. खासगी मानसोपचारतज्ज्ञांची चौकशीही करून झाली होती. पहिल्या भेटीचे हजार-दीड हजार ऐकून तो विषय तिथेच संपला. तेवढ्यात मेसचा अर्धा महिना निघतो.

त्याने मोबाइलवर नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणीही सोडवली होती. ती चाचणी खरी आहे, दवाखान्यांतही वापरतात. गुण शून्य ते २७. त्याला १९ आले. रूम पार्टनरला त्याने विचारलं होतं, "कट ऑफ किती असेल?" मला हे ऐकून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. चार वर्षांनी माणूस स्वतःच्या दुःखाचीसुद्धा उत्तरतालिका शोधायला लागतो. त्या गुणांवरून निदान होत नसतं, पण १९ हा आकडा 'थोडं टेन्शन आहे' म्हणून सोडून देण्याचा नक्कीच नाही, आणि शेवटच्या, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं होतं ते एकूण गुणांपेक्षाही महत्त्वाचं होतं.

या मुलाचा हक्काचा दरवाजा कुठला?

इथे माझ्या कामातली खरी अडचण आहे. तरुणांसाठी मोफत मानसिक मदत आपल्याकडे आहे, आणि वाटते त्यापेक्षा जास्त आहे, पण ती प्रत्येक गटासाठी वेगळी बांधलेली आहे. मूल १८ च्या आत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, त्याखाली सरकारी रुग्णालयांत चालणारी 'मैत्री' क्लिनिक. कॉलेजात प्रवेश असेल तर कॉलेजचा समुपदेशन कक्ष, निदान कागदावर तरी. नोकरी असेल तर काही कंपन्या समुपदेशनाचे पैसे भरतात. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे. आता हा मुलगा बघा. वय २४, किशोर नाही. पदवी झालेली, विद्यार्थी नाही. नोकरी नाही. बाप शेतकरी, हा नाही. मतदार यादीत नाव गावाकडे, पोट पुण्यात. चार वर्षं रोज १२ तास अभ्यास करणारा हा मुलगा कुठल्याच रजिस्टरमध्ये विद्यार्थी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं त्यात आहे आणि कोचिंग क्लासेसनाही त्या लागू आहेत. चांगलं झालं. पण आमच्याकडचे निम्मे उमेदवार क्लास पहिल्याच वर्षी संपवतात आणि पुढची वर्षं अभ्यासिकेत काढतात. अभ्यासिका म्हणजे खुर्ची, टेबल, लॉकर, वाय-फाय आणि महिन्याचं भाडं. तिथे कुणी शिकवत नाही, हजेरी घेत नाही, मग समुपदेशक कोण नेमणार? सगळ्यात जास्त धोका ज्या वर्षांत, त्या वर्षांत या मुलांना बघणारं माणूस म्हणजे शेजारच्या कॉटवरचा मित्र. या प्रकरणात पुढे जे काही झालं, ते त्या मित्राच्या जिवावर झालं.

पहिली संध्याकाळ

मुलाला भेटले तेव्हा तो अंघोळ करून, शर्ट इन करून आला होता, मुलाखतीला आल्यासारखा. दहा मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "आयुष्य संपवावं असं मनात येतं का?" बरोबर आलेला मित्र दचकला. असा प्रश्न विचारला की डोक्यात नसलेलं भरवलं जातं, ही भीती घरोघरी आहे, पण तिला आधार नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं बोलायची सोय होते. तो म्हणाला, "येतं. रोज येतं." आज काही ठरवलं आहे का? "नाही. ठरवायलाही ताकद पाहिजे ना, ताई."

मग पुढचं सगळं त्या संध्याकाळपुरतं. रात्री एकटं राहायचं नाही. खोलीतल्या तिघांनी आळीपाळीने जागं राहायचं, पण पोलिसासारखं नाही. हाताशी धोक्याचं काही ठेवायचं नाही. वाटलं तर उठवायचं, "झोपमोड होईल" हा विचार करायचा नाही. आज काही ठरवलं आहे असं त्याने सांगितलं असतं, तर हेल्पलाइन वगैरे काही नाही, सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग, त्याच रात्री. त्यातही मुलांच्या मनात पोलिसांची भीती असते. म्हणून सांगायला हवं की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. मदत मागितली म्हणून गुन्हा दाखल होत नाही.

तिथेच बसून आम्ही १४४१६ लावला. हा टेलि-मानसचा नंबर, केंद्र सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, पैसे नाहीत, मराठीत बोलता येतं. बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्याची शिखर संस्था. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी सेवेकडे पाठवतात. मुलाने फोन स्पीकरवर ठेवला होता, दोनेक मिनिटांनी स्वतःच स्पीकर बंद केला आणि उठून कोपऱ्यात गेला. आम्ही चहा सांगितला. तो परत येईपर्यंत चहावर साय धरली होती. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही, त्याने एवढंच सांगितलं : "बाई आमच्याकडच्याच वाटल्या. म्हणाल्या, डॉक्टरला दाखवावंच लागेल."

एक सांगते. फोनवरच्या मदतीला कमी लेखणारे बरेच आहेत, 'फोनवर काय बरं होणार' म्हणतात. फोनने बरं व्हावं अशी अपेक्षाच चूक आहे. त्या फोनने एक काम केलं, ते म्हणजे 'डॉक्टरला दाखव' हे मी किंवा मित्राने न सांगता तिसऱ्या, अनोळखी, मराठी बोलणाऱ्या बाईने सांगितलं. ओळखीच्या माणसाचा सल्ला म्हणजे उपकार वाटतो. अनोळखीचा सल्ला ऐकता येतो.

ओपीडी

पुण्यात सरकारी मानसोपचार ओपीडी एक नाही. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवड्याला दाखल न होता नुसतं ओपीडीत दाखवताही येतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मी चारही सांगितली. त्याने लगेच हात जोडले, "येरवडा नको, ताई. कुणाला कळलं तर गावात राहता येणार नाही." आपल्याकडे चेष्टेत 'येरवड्याला पाठवा' म्हणायची पद्धत, जेलसाठीही आणि यासाठीही. तिथली ओपीडी चांगली चालते असा माझा अनुभव, पण त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या दारातून माणूस आत जाईल ते दार चांगलं.

खर्चाबद्दल एक बारकावा इथे नोंदवते, कारण यावर सतत गोंधळ होतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क आहे. जिल्हा रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं, मनोरुग्णालयं यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र वेगळ्या खात्याची आहेत, तिथे नाममात्र शुल्क लागतं. रक्कम किरकोळ असते, पण 'मोफत आहे' म्हणून पाठवलेल्या मुलाकडे खिडकीवर पैसे मागितले की त्याला वाटतं आपल्याला फसवलं. आधी सांगून ठेवलेलं बरं.

येरवडा सोडून उरलेल्यांपैकी एका ठिकाणी दोघं गेले. सकाळी साडेआठला रांगेत, केस पेपर, मग ओपीडीबाहेरचा बाक. बाकावर एक आजी, एक रिक्षावाले काका, युनिफॉर्ममधली एक शाळकरी मुलगी आणि तिची आई. त्याने मला नंतर सांगितलं की त्याला सगळ्यात धीर त्या रिक्षावाल्या काकांनी दिला. तीन वर्षं गोळ्या घेताहेत, रिक्षा चालवताहेत, पोरीचं लग्न केलं. "किती अटेम्प्ट झाले?" असं काकांनी विचारलं नाही, "नाश्ता केला का?" विचारलं.

डॉक्टरांची भेट जेमतेम दहा मिनिटं. झोप, भूक, मरणाचे विचार, घराण्यात कुणाला असं काही, दारू-तंबाखू. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण यांच्या कमी-जास्तीनेही माणूस असाच मलूल होतो. नैराश्याचं निदान लिहिलं, एक गोळी सुरू केली, दोन आठवड्यांनी बोलावलं. समुपदेशनासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची तारीख मिळाली, पण पुढच्या महिन्यातली.

त्या दहा मिनिटांत एक गोष्ट राहून गेली. या प्रकारच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस मळमळ, डोकं हलकं होणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि त्याच्या कानात शिरलं नसेल. रांगेत मागे चाळीस माणसं असताना दोन्ही शक्य आहे. पाचव्या दिवशी त्याने गोळी बंद केली. "उलटीसारखं होतंय आणि फरक शून्य." मित्राने मला कळवलं. २५ वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीचे आठवडे जास्त लक्ष ठेवायचे असतात, अस्वस्थता वाढली तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं असतं. दोघं दुसऱ्या दिवशीच परत गेले. दुसरे डॉक्टर होते, त्यांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, मात्रा अर्धी करून हळूहळू वाढवायची असं ठरवलं, आणि त्रास कधी कमी होईल ते समजावलं. त्या वेळी रुग्णालयाच्या खिडकीवर ती गोळी संपलेली होती, बाहेरून आणा म्हणाले.

इथे बहुतेकांची साखळी तुटते. गोळी महाग नव्हती, पण महिनोन्‌महिने घ्यायची होती. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. पाटी कुठेतरी तळमजल्यावर, बऱ्याचदा कपाटामागे. गरीब रुग्णांचं शुल्क माफ करणं, औषधं मिळवून देणं, पत्ता नसलेल्यांचे नातेवाईक शोधणं ही त्यांची कामं. मी दोघांना तिकडे पाठवलं आणि २०१७ च्या कायद्यातलं कलम १८ चिठ्ठीवर लिहून दिलं : आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी संस्थांत मोफत आणि कायम उपलब्ध असली पाहिजेत. चिठ्ठी दाखवायची वेळ आली नाही. तिथल्या मॅडमनी फोन फिरवला, दुसऱ्या वॉर्डातून महिनाभराच्या गोळ्या आल्या. कायदा आपल्या बाजूने आहे हे माहीत असलं की माणूस विनंतीसुद्धा ताठ मानेने करतो. राज्यसेवेच्या मुलाला कलमं पाठ करायला सांगावी लागत नाहीत हा आमचा फायदा.

बोलायला जागा

मानसशास्त्रज्ञांच्या तारखेला महिना होता. मधल्या काळात कुणाशी तरी सलग बोलणं हवं होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून चालते, मोफत आहे, प्रशिक्षित समुपदेशक असतात. पण फोन करायचा कुठे? खोलीत चार कॉट, मध्ये एक पडदासुद्धा नाही. गॅलरीत घरमालकांचे कपडे आणि घरमालकीणबाई. अभ्यासिकेत मोबाइल सायलेंट. दोनदा तो नदीपात्रातल्या रस्त्याकडेला बसून बोलला, तर ओळखीची मुलं फिरायला आलेली. मोफत सेवांच्या जाहिरातीत 'गोपनीय' असा शब्द ठळक असतो, पण गोपनीय बोलायला भाड्याच्या खोलीत कोपरा लागतो, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आयकॉल ईमेलवरही समुपदेशन करते. हा मार्ग त्याला मानवला. अभ्यासिकेत लॅपटॉपवर टाइप करणारा मुलगा काय लिहितोय हे कुणी बघत नाही. त्याने पहिला मेल पाठवण्याआधी मला दाखवला. प्रस्तावना, मग क्रमांक टाकून मुद्दे, 'आर्थिक घटक', 'कौटुंबिक घटक', आणि शेवटी 'निष्कर्ष'. वर्णनात्मक पेपरची सवय. मी म्हटलं, निष्कर्ष काढून टाक, तेवढं त्यांच्यावर सोड. तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढच्या मेलांमधले मुद्दे हळूहळू गळाले म्हणे. मी ते वाचले नाहीत.

मित्राबद्दलही लिहायला हवं. रात्रीच्या पाळ्या, रांगा, गोळ्यांचा अलार्म यांत त्याची टेस्ट सिरीज बुडाली. एकदा तो माझ्यावर चिडला, "मी काय त्याची आई आहे का?" बरोबर होतं त्याचं. त्याला मी पुण्यातल्या 'कनेक्टिंग' या संस्थेची हेल्पलाइन सांगितली. तिथले स्वयंसेवक सल्ला देत नाहीत, निवाडा करत नाहीत, ऐकतात. ज्याला आजार नाही पण जो थकला आहे, त्याला बऱ्याचदा तेवढंच हवं असतं. शिवाय काम वाटून घेतलं : रांगेला तिसरा रूम पार्टनर, गोळ्यांचं बहिणीकडे.

घरी सांगणं

बहिणीला त्याने स्वतः सांगितलं. कायद्याने घरी सांगायची सक्ती नव्हती. सज्ञान माणूस एकट्याने उपचार घेऊ शकतो, आणि २०१७ च्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे त्याची माहिती त्याच्या संमतीविना इतरांना देता येत नाही, कायद्यातच सांगितलेले अपवाद सोडून. पण गोळ्या सहा-आठ महिने चालणार, दिवाळीला गावी जाणार, कुठे लपवणार? बहिणीने ऐकलं, रडली आणि रात्रीच वडिलांना सांगून टाकलं. ते मात्र ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा मला फोन.

"ताई, लेकराला काय झालंय? पोरगी म्हणायलीय डोक्याच्या गोळ्या चालू केल्यात."

मी सांगितलं, झोप आणि भूक गेली होती, मन खचलं होतं, त्यावर औषध आहे, तो चांगलं सहकार्य करतोय. ते ऐकत राहिले. मग दोन प्रश्न. पहिला, "लग्नाला अडचण येईल का?" दुसरा, "पुढं साहेब झाला तर मेडिकलला हे कागद निघतील का?" दुसरा प्रश्न मुलानेही आधीच विचारला होता, आणि केस पेपर स्वतःच्या नावावर काढायला बरीच मुलं याच भीतीने तयार नसतात. खोट्या नावाने काढणारीही आहेत. ओपीडीचा केस पेपर रुग्णालय लोकसेवा आयोगाला कळवत नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये हेही लिहिलेलं आहे की पूर्वी उपचार घेतले एवढ्याच कारणावरून माणूस आज किंवा पुढे मानसिक रुग्ण आहे असं ठरवता येत नाही. पण काही पदांना शारीरिक-वैद्यकीय निकष कडक असतात, तिथे तपासणीत विचारलं गेलं तर खरं सांगायचं आणि उपचारांची कागदपत्रं दाखवायची, हेही मी स्पष्ट बोलले. गोड खोटं सांगून आजची गोळी गिळवता येईल, पण उद्या तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

वडील म्हणाले, "साहेब नाही झाला तरी चालंल, पण हे त्याला मी सांगितलं तर त्याला वाटंल बापाचा भरवसा उडाला." इतकं नेमकं निदान मी ओपीडीतही ऐकलं नव्हतं. ते वाक्य मुलाला सांगू का, असं मी विचारलं. ते म्हणाले सांगा. मी सांगितलं नाही, त्यांनाच पुण्याला बोलावलं. ते एसटीने आले, एक रात्र कॉटवर मुलाशेजारी झोपले. बापलेकांत काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

सध्या

झोप तिसऱ्या आठवड्यात सुधारली, भूक त्यानंतर. अभ्यासात मन लागायला आणखी वेळ गेला आणि अजून पूर्वीसारखं नाही. मरणाचे विचार 'येतात पण टिकत नाहीत' असं त्याने मानसशास्त्रज्ञांना सांगितलं. त्यांच्याकडची सत्रं तीन-चार आठवड्यांच्या अंतराने होतात, आदर्श अंतर आठवड्याचं असतं. सरकारी व्यवस्थेत एवढ्या गर्दीला मिळून मोजकी माणसं आहेत, त्यामुळे मधलं अंतर मेलवर भरून काढावं लागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं होतं. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

या वर्षीचा फॉर्म भरायचा की नाही, यावर खोलीत दोन गट आहेत. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची आणि बंद करायची ती त्यांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. पेरणीला तो गावी जाणार आहे. त्यासाठी केस पेपरच्या झेरॉक्स, गोळीचं मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट अशी फाइल केली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं त्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्या वारी बसतात ते फोन करून विचारून घेतलं. मंगळवार आणि शुक्रवार. नोट्स ज्युनियरकडेच आहेत. त्याने परत मागितलेल्या नाहीत आणि आम्हीही विषय काढलेला नाही.

वडिलांचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन होता. मुलाची चौकशी झाली, पावसाची झाली. मग म्हणाले, "ताई, तो चौदा हजारवाला नंबर मोठ्या माणसाला चालतो का? मला बी झोप लागंना झालीय." मी म्हटलं चालतो, आणि सगळे आकडे सावकाश सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले.